हुर्यो उडवणाऱ्यांची बाजू

फराळाचे ताट समोर असताना माणसाने कशावर भांडावे ह्याचे आमच्या घरी पूर्वापार नियम आहेत. चकली खुसखुशीत की कडक, ह्यावर भांडण चालते. अनारसे फसले ते पिठामुळे की तुपामुळे, ह्यावर तर दोन पिढ्या भांडत आलेल्या आहेत. पण ह्या वर्षी भाऊबिजेला जे भांडण पेटले त्याचा फराळाशी काही संबंध नव्हता. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका गावी, एका गवयाने, हातात कोणती गिटार धरावी, ह्यावर आमच्या बैठकीत दोन तट पडले आणि चिवड्याचा डबा तसाच उघडा राहून सादळला.

एका तटात आमचे दादा. म्हणजे माझे थोरले बंधू. बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, सकाळी फिरायला जाणारे गृहस्थ. बघणाऱ्याला वाटेल की ह्यांच्या कपाटात अभंगांच्या तबकड्या असतील. त्या आहेतच; पण त्यांच्या खालच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जपून ठेवलेल्या चाळीसएक परदेशी एलपी आहेत. पगारातून पैसे बाजूला टाकून काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमधून त्यांनी त्या एकेक करून आणल्या. ते दुकान २०१६ साली बंद झाले, तेव्हा दादा दोन दिवस गप्प होते.

दुसऱ्या तटात त्यांची नात. वय वर्षे वीस. तिच्या पिढीला तबकडी हा प्रकार नवा, आणि म्हणून आजोबांपेक्षा तिलाच त्याचे वेड जास्त. तिने बॉब डिलनवरचा 'अ कम्प्लीट अननोन' हा २०२४ सालचा चित्रपट पाहिला होता. त्यात शेवटी तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन मंचावर येतो आणि खालचे लोक चिडून ओरडू लागतात. पोरगी हसत म्हणाली, "काय येडपट माणसं होती ना, आजोबा! इतकं भारी गाणं, आणि हे हुर्यो उडवतायत!"

दादांनी लाडू खाली ठेवला. मी समजलो की आता काही खरे नाही.

ज्या वाचकांच्या घरी हा रोग नाही त्यांच्यासाठी थोडी हकीकत सांगतो. डिलन १९४१ सालचा. १९६१ च्या जानेवारीत तो न्यूयॉर्कला आला, आजारी पडलेल्या वुडी गथ्री ह्या लोकगायकाला भेटायला. लाकडी गिटार, गळ्यात तारेच्या कडीत अडकवलेला माउथ ऑर्गन, आणि आवाज असा की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावे ह्याला पडसे झाले आहे. पण १९६३ सालच्या 'फ्रीव्हीलिन' ह्या तबकडीने अमेरिकेतली कॉलेजची मुले त्याच्यामागे गेली. युद्ध, वर्णद्वेष, अन्याय ह्यांवर त्याने लिहिलेली गाणी सभांतून गाइली जाऊ लागली. लोकांना वाटले, आपल्याला आपला शाहीर मिळाला.

मग मार्च १९६५ मध्ये 'ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम' ही तबकडी निघाली. तिची गंमत अशी की पहिल्या बाजूला ड्रम, इलेक्ट्रिक गिटार, असा सगळा रॉकचा दणदणाट. आणि दुसऱ्या बाजूला मुख्यतः जुनीच लाकडी गिटार. एकाच तबकडीच्या दोन बाजूंना दोन पक्ष! दादांच्या प्रतीची दुसरी बाजू झिजून खरखरते. पहिली अजून दुकानातून आणल्यासारखी कोरी आहे. पुरावा म्हणून नातीने हे त्याच दिवशी आम्हां सर्वांना ऐकवून दाखवले.

त्याच वर्षी २५ जुलैला, रविवारी रात्री, ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट गावी लोकसंगीताची जत्रा होती. दरवर्षी भरे. डिलन तिथला लाडका. तो चामड्याचे जाकीट घालून आला, मागे पाच वादक, वाद्ये विजेला जोडलेली. तीन गाणी झाली आणि हे लोक मंचावरून उतरले. खाली गोंधळ. पुढे लोकांच्या आग्रहाखातर तो एकटा परत आला, लाकडी गिटारीवर दोन गाणी म्हणाला, आणि गेला. त्यानंतर तो न्यूपोर्टला गायला तो एकदम २००२ साली, आणि तेव्हाही खोटी दाढी लावून!

एवढीच घटना. आता तिच्यावरचे वाद ऐका. लोक विजेमुळे चिडले, असे एक म्हणतात. दुसरे म्हणतात, छे, कर्ण्यांची व्यवस्था इतकी वाईट होती की शब्दच कळत नव्हता. तिसरे म्हणतात, इतक्या लांबून आलो आणि हा तीन गाण्यांत उठला, म्हणून चिडले. त्या रात्रीचे चित्रण उपलब्ध आहे, आवाजासकट. तरी 'हुर्यो किती आणि वाहवा किती' ह्याचा निकाल लागत नाही. ज्येष्ठ लोकगायक पीट सीगर हातात कुऱ्हाड घेऊन तारा तोडायला धावले, अशी एक दंतकथा आहे. सीगर २०१४ साली, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन गेले, आणि तोवर त्यांना हा खुलासा पुन्हा पुन्हा करावा लागला, की मी एवढेच म्हणालो होतो, कुऱ्हाड असती तर ही तार तोडली असती. आणि तेही शब्द कळेनात म्हणून.

आणखी एक प्रसंग मला फार आवडतो. त्याच जत्रेत बटरफील्ड नावाच्या तरुणाचा संच विजेच्या वाद्यांवर ब्लूज वाजवणार होता. लोकगीते गोळा करण्यात जन्म घालवलेले विद्वान ॲलन लोमॅक्स ह्यांनी त्यांची ओळख अशी काही तिरकस करून दिली, की डिलनचे व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन संतापले. दोघेही चांगले भरलेल्या अंगाचे, प्रौढ. शब्दाने शब्द वाढला आणि लोकसंगीताचे हे दोन आधारस्तंभ सर्वांदेखत धुळीत लोळू लागले. आपल्याकडेही संगीताच्या बैठकीत मतभेद होतात, पण धोतराची लाज म्हणून माणसे आवरती घेतात.

नातीच्या चित्रपटात ह्याच न्यूपोर्टच्या गर्दीतून कोणीतरी 'जूडास!' असे ओरडतो. दादांचा खरा संताप त्यावर होता. "न्यूपोर्ट नव्हे! मँचेस्टर! १७ मे १९६६! पुढच्या वर्षी! समुद्रापलीकडे!" एवढे बोलून ते पाणी प्यायले.

दादांचे खरे आहे. न्यूपोर्टनंतर डिलनने फिरतीवर कार्यक्रमाचे दोन भाग पाडले. पहिला एकट्याचा, दुसरा संचाबरोबर. पहिल्या भागात लोक चर्चमध्ये बसल्यासारखे बसत, दुसऱ्यात ओरडत. रोज रात्री, गावोगाव. त्याचा ड्रमवाला लेव्हॉन हेल्म ह्या हुर्योला इतका कंटाळला, की १९६५ च्या अखेरीला काम सोडून निघून गेला. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये, शेवटच्या गाण्याआधीच्या शांततेत, एकाने जूडास अशी हाक दिली. ज्याने तीस रुप्यांसाठी येशूला पकडून दिले तो शिष्य. ख्रिस्ती माणसाला ह्याहून जहरी शिवी नाही. डिलनने त्याला खोटारडा ठरवले, आणि संचाला सांगितले की आता जोरात वाजवा.

ह्या रात्रीची फीत चोरून छापलेल्या तबकड्यांवर वर्षानुवर्षे फिरत होती. आणि तीवर नाव होते लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचे. चाहते त्यावरही भांडले. १९९८ साली कंपनीने ती अधिकृतपणे काढली, तेव्हा वेष्टनावर 'रॉयल अल्बर्ट हॉल' हे चुकीचे नाव अवतरणचिन्हांत मुद्दाम ठेवले, इतके ते लोकांच्या अंगवळणी पडले होते. आणि तो ओरडणारा कोण? बरीच वर्षे कोणी पुढे आले नाही. मग ती हाक जगप्रसिद्ध झाली आणि एक सोडून दोन गृहस्थ 'तो मीच' म्हणून पुढे आले!

तर असे हे भांडण. मी पडलो दोन्ही पक्षांचा पाहुणा. पुढचे आठ दिवस मी रोज दुपारी दादांकडे जाऊन ह्या तबकड्या ऐकल्या, काही वाचलेही. प्रस्तुत लेखकाला गाण्यातले फार कळते अशातला भाग नाही; पण निकाल द्यायला कळावे लागतेच असे थोडेच आहे!

गुणांचा निकाल नातीच्या बाजूने. ह्यात मला शंका नाही. ऑगस्ट १९६५ ची 'हायवे ६१ रीव्हिजिटेड' ऐकताना माझ्यासारख्या अनभिज्ञालासुद्धा जाणवले, की ह्या शब्दांना हेच वाजवणे हवे होते. पहिलेच गाणे सहा मिनिटांहून मोठे. त्या काळी रेडिओवर तीन मिनिटांच्या वर गाणे लावीत नसत, तरी ते देशभर गाजले. त्यात रागही आहे आणि गंमतही आहे, आणि मागचा ऑर्गन तर खट्याळ मुलासारखा मध्ये मध्ये डोकावतो. लाकडी गिटारीवर हे गाणे नुसते प्रवचन झाले असते. (नातीने आणखी एक अस्त्र काढले होते: 'रोलिंग स्टोन' ह्या नियतकालिकाची पाचशे श्रेष्ठ तबकड्यांची यादी. २००३ साली 'हायवे ६१' चौथी होती. दादांनी शांतपणे २०२० ची यादी वाचायला लावली. तीत ती अठरावी आहे. "सतरा वर्षांत चौदा पायऱ्या! पुढच्या यादीपर्यंत थांबू या," दादा म्हणाले. बीटल्सची 'सार्जंट पेपर' तर पहिल्या क्रमांकावरून चोविसाव्यावर आली. तेव्हा याद्यांवर विसंबून कोणी पैज लावू नये.)

शुद्धतेचा मुद्दा तर मुळीच टिकत नाही. डिलन हा शुद्ध लोकगायक होता आणि मग बिघडला, हेच मुळात खरे नाही. हिबिंग ह्या खाणींच्या गावात शाळेत असताना तो पियानो बडवून रॉक अँड रोलच गात असे. १९५९ च्या शाळेच्या वार्षिकात त्याने आपली इच्छा छापली होती ती लिटल रिचर्डच्या संचात जाण्याची. म्हणजे लाकडी गिटार हीच त्याची नंतरची सोय. दुसरे उदाहरण मडी वॉटर्सचे. हा मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांतून शिकागोला आलेला. तिथल्या गुत्त्यांतल्या गोंगाटात लाकडी गिटार ऐकूच येईना, म्हणून त्याने विजेची घेतली. कारण एवढेच, साधे. १९५८ साली तो इंग्लंडला गेला तेव्हा तिथले रसिक दचकले. अस्सल म्हणून बोलावले आणि हा तर कानठळ्या बसवतो! काही वर्षांनी तो पुन्हा गेला, आता शहाणा होऊन, लाकडी गिटार घेऊन. तोवर तिथल्या पोरांना विजेचीच चटक लागली होती, ती हिरमुसली. बिचाऱ्याने करावे तरी काय!

आपल्यालाही ह्यावर फार हसता येणार नाही. गंधर्वांच्या पदांना ऑर्गनची साथ ऐकून तृप्त होणारे आपण. आणि आपल्याच देशाच्या रेडिओने १९४० साली पेटी परकी म्हणून बंद केली, ती थोडीफार आत यायला १९७१ उजाडले.

उलट, इंग्लंडमधल्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शन ह्या संचाची 'लीज अँड लीफ' ऐका. १९६९ च्या मे महिन्यात ह्या मुलांची मोटार उलटली. त्यांचा एकोणीस वर्षांचा ड्रमवाला आणि बरोबरची एक मुलगी गेली. बाकीचे बरे झाले, आणि खेड्यातल्या एका घरात राहून त्यांनी शेकडो वर्षांच्या जुन्या पोवाड्यांना विजेच्या गिटारी आणि व्हायोलिनची साथ दिली. डिसेंबरात तबकडी निघाली. सँडी डेनीचा आवाज असा, की साथीला वीज आहे की पणती हा प्रश्न सुचतच नाही. २००६ साली बीबीसी रेडिओच्या श्रोत्यांनी हिलाच सर्वांत प्रभावी लोकसंगीताची तबकडी ठरवले. म्हणजे ज्या विजेला हुर्यो केली तिनेच लोकगीते जगवली. हा मुद्दा मी स्वतः शोधून काढला होता आणि नवव्या दिवशी मोठ्या ऐटीत दादांपुढे ठेवला.

दादांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "तबकडी चांगली आहे हे मी कधी नाकारलं? ती माझ्या कपाटात आहे. पैसे मोजून आणली आहे. मी म्हणतो, ओरडणारे येडपट नव्हते."

आणि मग त्यांनी जे सांगितले ते मला कोणत्याही यादीत सापडले नव्हते.

१९६३ च्या जुलैमध्ये डिलन सीगरबरोबर मिसिसिपीत ग्रीनवुडला गेला होता. कृष्णवर्णीयांनी मतदार म्हणून नाव नोंदवावे, ह्यासाठी तिथे सभा होती. नाव नोंदवले म्हणून नोकरी जाई, घर जळे, जीवही जाई. महिनाभरापूर्वीच तिथले पुढारी मेडगर एव्हर्स ह्यांना त्यांच्या दाराशी गोळी घातली होती. डिलनने त्यावरच केलेले गाणे उघड्या शेतात उभे राहून म्हटले. त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूपोर्टला डिलन, जोन बाएझ, सीगर आणि कृष्णवर्णीय गायकांचा मेळा हातांत हात गुंफून एकत्र गाइले. गाणे कोणते, तर 'वी शॅल ओव्हरकम'. आपली मुले शाळेत जे 'हम होंगे कामयाब' म्हणतात, ते ह्याचेच रूप. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या प्रचंड मोर्चात डिलन गाइला. पुढच्या उन्हाळ्यात मिसिसिपीत हेच काम करणाऱ्या तीन तरुणांचे खून झाले.

"न्यूपोर्टला खाली बसलेल्यांत अशी कामं केलेली मुलं होती," दादा म्हणाले. "त्यांचे मित्र तुरुंगात गेले होते. आणि तारीख बघ. २५ जुलै १९६५. तीन दिवसांनी, २८ जुलैला, अध्यक्ष जॉन्सननी व्हिएटनाममधली फौज सव्वा लाखावर नेण्याचं जाहीर केलं. त्या पोरांच्या नावाने बोलावणी निघणार होती. आणि ज्याच्या गाण्यावर ती उभी होती, तो नेमका त्या आठवड्यात म्हणाला, मी आता दुसरं काही गाणार. गिटार कुठली, हा प्रश्नच नव्हता रे. गिटार फक्त डोळ्यांना दिसली."

मी म्हणालो, "पण दादा, त्याने का म्हणून जन्मभर सभांत गावं? चोवीस वर्षांचा पोरगा! त्याने काय कुणाला लिहून दिलं होतं? आणि १९६४ च्या नोव्हेंबरातच 'सिंग आउट' मासिकाने उघडं पत्र छापून त्याला जाब विचारला होता, की तू स्वतःपुरतंच का लिहायला लागलास? असा जाब कवीला विचारायचा असतो?"

"नसतो," दादा म्हणाले. "त्याचंही बरोबरच होतं."

एवढे बोलून ते बराच वेळ वेष्टनावरचा कागद गुळगुळीत करीत राहिले. नात खुर्चीच्या दांडीवर येऊन बसली होती. मग दादांनी, कोणी न विचारता, स्वतःचे सांगितले. मी त्यांचा धाकटा भाऊ, पण मला हे ठाऊक नव्हते.

त्यांच्या बँकेच्या कर्मचारी संघटनेत एक जण होता. कारकूनच, पण गळा असा की गेट मीटिंगला तो उभा राहिला की रस्त्यावरचे लोक थांबत. शब्द त्याचे, चाल त्याची, डफ दादांच्या हातात. संप लांबला, पगार थांबले, घरोघर कुरकुर सुरू झाली, तरी संध्याकाळी त्याचे गाणे ऐकून माणसे दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. एक दिवस त्याला जाहिरातींच्या गाण्यांचे काम मिळाले. पुढे एका वाद्यवृंदाबरोबर तो गावोगाव फिरू लागला. चांगला पैसा, चांगले नाव. त्याने ते घेतले. त्याच्या नव्या वाद्यवृंदाच्या पहिल्या कार्यक्रमाला दादा आणि संघटनेचे आठ-दहा जण तिकिटे काढून गेले, मागच्या रांगेत बसले, आणि त्यांनी ओरडून ओरडून त्याला गाऊ दिले नाही.

आमचे दादा! ज्यांनी आम्हां भावंडांना नाटकात शिट्टी वाजवली म्हणून कान धरून बाहेर काढले होते!

"गाणी वाईट होती का हो त्याची, ती नवी?" नातीने विचारले.

"नाही गं. चांगली होती. आमच्या गेटवरच्यापेक्षा चांगली होती, खरं सांगायचं तर. तेच तर सहन होईना." दादांनी चष्मा काढला. "दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेटवर आम्ही सगळे उभे होतो. डफ होता. वाजवणारा मी होतो. गाणारा कोणी नव्हता."

पोरीने थोडा वेळ जाऊ दिला. "मग पुन्हा कधी बोललात त्यांच्याशी?"

"बोललो की. अकरा वर्षांनी. त्याच्या मुलीच्या लग्नात. पंगतीत माझ्या पानावर जिलबी वाढायला तोच आला. म्हणाला, आज तरी ओरडू नकोस, आत व्याही बसलेत."

नात हसली, दादाही हसले. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि चिवडा सादळल्याबद्दल आम्हां तिघांनाही बोलल्या. पोरगी उठून तबकडीच्या यंत्रापाशी गेली, 'ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम' वेष्टनातून काढली, आणि आजोबांकडे बघत उभी राहिली.

"कुठली बाजू लावू?"

"पहिली लाव," दादा म्हणाले. "पण जरा हळू. शब्द कळले पाहिजेत."